कुंपणापलीकडचा रडीचा डाव

"काय गं रेवती, हरल्याचा बॅनर लावणारी टीम तुमचीच ना?"

मावशींनी झाडांना पाणी घालायची नळी बंद केली. आता अर्धा तास तरी सुटका नाही, हे मी ओळखलं. आम्ही इंडियानापोलिस सोडून मॅसॅच्युसेट्सला आलो आणि घर मिळालं ते नेमकं अमेरिकन फुटबॉलमधल्या पेट्रियट्स संघाच्या या सांगलीकर भक्तिणीच्या शेजारी. सत्तरी ओलांडलेली बाई, पण रविवारी टीव्हीसमोरून हलेल तर शपथ.

"एएफसी गटाच्या फायनलमध्ये 45-7 असा मार खाल्लात आमच्याकडून. आणि पुढच्या मोसमात स्टेडियममध्ये टांगलंत काय, तर 'एएफसी फायनलिस्ट'! लाज नाही वाटली?"

"त्या मॅचला बॉल कुणाचे होते, ते सांगा आधी."

"आमचे. आमच्या चढाईला आमचे, तुमच्या चढाईला तुमचे. नियमच आहे तसा. आणि 2006 साली ही सवलत मागायला आमच्या क्वार्टरबॅक ब्रेडीबरोबर कोण गेलं होतं गं? तुमचाच पेटन मॅनिंग!"

हे खरं आहे, म्हणून मला जास्त झोंबलं. मी त्या मॅचवर, 18 जानेवारी 2015 वर आले. फॉक्सबरोचं मैदान. बॉलमधला दाब साडेबारा ते साडेतेरा पौंड हवा, आणि मध्यंतराला मोजले तर पेट्रियट्सचे अकराच्या अकरा बॉल कमी भरले.

"अगं, जानेवारीचा गारठा. उबदार खोलीत भरलेला बॉल बाहेर नेला की दाब उतरणारच. आमच्या नातवानं कागदावर गणित मांडून दाखवलंय मला."

"गारठा आमच्या बॉलना नव्हता वाटतं?"

"तुमचे मोजले किती? चार! म्हणे वेळ संपला. आणि मध्यंतरानंतर आमच्या बॉलमध्ये नीट हवा भरून दिली, त्याचं काय झालं? तोवर 17-7 होतं. पुढचे 28 गुण आम्ही भरलेल्या बॉलनी केले. तुमचा एक नाही."

याला उत्तर नाही, आजही नाही. पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं. पंचांच्या खोलीची व्यवस्था बघणारा पेट्रियट्सचा माणूस मैदानात जाता जाता बॉलची पिशवी घेऊन बाथरूममध्ये शिरला आणि एक मिनिट चाळीस सेकंदांनी बाहेर आला. हाच माणूस मेसेजमध्ये स्वतःला 'डिफ्लेटर' म्हणवून घेत होता. यावर पेट्रियट्सचा खुलासा काय, तर तो वजन उतरवत होता, म्हणून ते नाव!

मावशी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "हे मात्र आमच्या वकिलांनी जरा अतीच केलं."

"आणि चौकशीच्या वेळेस ब्रेडीनं फोन नष्ट केला, तो?"

"नवा घेतला की जुना तोडायची सवय आहे त्याला. असं तो म्हणतो." एवढं बोलून त्यांनी जास्वंदीची पिवळी पानं खुडायला घेतली. भक्तालाही कुठेतरी गप्प बसावं लागतं. पण फार वेळ नाही. "चार सामने घरी बसवलंत ना त्याला? वर्षभर कोर्टकचेऱ्या करून? त्याच मोसमात 28-3 पिछाडीवरून अटलांटाला हरवून सुपर बोलचा करंडक आणला त्यानं. आणि तो द्यायला व्यासपीठावर कोण उभं? शिक्षा देणारे तेच लीगचे प्रमुख गुडेलसाहेब! लोकांनी काय हुर्यो उडवली त्यांची!"

मी 2007 चं कॅमेरा प्रकरण काढलं. जेट्सच्या कोचांच्या हातवाऱ्यांचं चोरून चित्रण, पेट्रियट्सचे तेव्हाचे कोच बेलिचिक यांना 5 लाख डॉलर दंड. मावशींनी ते सरळ मान्य केलं, फक्त चहाडी कुणी केली त्यावर बोट ठेवलं. जेट्सचा कोच मॅन्जिनी, पूर्वी बेलिचिकच्याच हाताखालचा. घरचा भेदी.

"आणि तुमच्या संग्रहालयात तो ट्रॅक्टर टांगलाय म्हणे?" मी विचारलं.

"टांगलाय की. मी फोटो काढलाय त्याच्याशी." 12 डिसेंबर 1982, मायामीविरुद्धचा सामना. बर्फ इतका की दोन्ही संघांचा एकही गुण नाही. पेट्रियट्सची किक मारायची वेळ आली तेव्हा बर्फ काढायचा ट्रॅक्टर सरळ मैदानात घुसला आणि नेमकी किकची जागा साफ करून गेला. सामना 3-0. चालवणारा तुरुंगातून दिवसापुरता कामाला आणलेला कैदी. मला काय, तुरुंगात टाकतील? असं म्हणे नंतर हसत विचारायचा. मायामीचे कोच डॉन शुला मात्र हसले नाहीत. महिन्याभरात त्यांनी 28-13 असा हिशेब चुकता केला.

"बघ रेवती," मावशी एकदम गंभीर झाल्या, "हवा, कॅमेरा, ट्रॅक्टर, याला मी रडीचा डाव म्हणते. पण न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्सनी केलं ते वेगळं. समोरच्याला स्ट्रेचरवरून बाहेर काढायला लावलं की हजार डॉलर, पुन्हा खेळायला उतरलाच नाही तर दीड हजार. कोचच्या देखरेखीखाली! माझा मुलगा हाडांचा डॉक्टर आहे गं, गुडघा गेला म्हणजे काय जातं ते मला माहितीये. आणि दंड किती? सेंट्सना 5 लाख. आम्हाला हवेसाठी 10!"

"त्यांचा कोच शॉन पेटन वर्षभर घरी बसला होता, मावशी. सगळं 2012."

"बसला. पण खेळाडूंच्या शिक्षा अपिलात रद्द झाल्या, सगळं कोचांच्या माथी. आणि आज लोकांना काय आठवतं? बॉल!"

यावर मी भांडले नाही. ब्रेडीच्या नावानं बोटं मोडणारी मीसुद्धा त्या गुडघ्यांबद्दल कधी एवढी तावातावानं बोलले नव्हते.

मग विषय सज्जनपणावर घसरला. 2019 च्या जानेवारीत रॅम्सच्या रोबी-कोलमननं बॉल यायच्या आधीच सेंट्सच्या खेळाडूला धडक दिली. सगळ्या स्टेडियमनं पाहिलं, तेवढं पंचांनी नाही. पठ्ठ्यानं कबुली दिली, पण सामना जिंकून झाल्यावर.

"आधी कोण देतं?" मावशी म्हणाल्या. "एकच पाहिलाय मी. 1980, वानखेडे. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिलं, आणि आपला कर्णधार विश्वनाथ म्हणाला, नाही, झेल नाही, परत या."

"आणि मग आपण हरलो."

"दहा विकेट्सनी."

"तुमच्या बेलिचिकनी बोलावलं असतं परत?"

"वेड लागलंय का तुला?" मावशींनी नळी पुन्हा सुरू केली. "आणि बोलावलं असतं ना, तर मी टीव्ही फोडला असता."