मॉनिटर बाईंनीच नेमावा

खडकीतल्या मुलांना नागरिकशास्त्राची गोडी नाही, असं कोणी म्हटलं की आम्हाला हसू येतं. या विषयाची एवढी चांगली प्रयोगशाळा अख्ख्या पुणे जिल्ह्यात शोधून सापडायची नाही.

पुस्तकात लिहिलंय, लोक प्रतिनिधी निवडतात आणि प्रतिनिधी कारभार पाहतात. आमच्या कॅन्टोन्मेंट बोर्डात यातली पहिली, कटकटीची पायरीच गाळून टाकलीय. २००६ च्या कायद्यानुसार इथे आठ सदस्य निवडून यायचे. शेवटचं मतदान झालं जानेवारी २०१५ मध्ये. मुदत संपली, मुदतवाढही संपली आणि २०२१ पासून तिघांचं बोर्ड आलं: अध्यक्ष लष्करी अधिकारी, दुसरे मुख्य कार्यकारी अधिकारी, तिसरा सरकारने नेमलेला एक नागरिक. दोघांविरुद्ध एक असं मतदान झालं तर निकाल काय, हे उदाहरण गणिताच्या बाईंनी घ्यावं.

२०२३ मध्ये मात्र आक्रीत घडता घडता टळलं. फेब्रुवारीत देशभरातल्या ५७ कॅन्टोन्मेंटची निवडणूक ३० एप्रिलला जाहीर झाली. इच्छुकांनी कुर्ते इस्त्रीला टाकले, तोवर १७ मार्चला निवडणूक रद्द! नागरी भाग महापालिकेत जाणार, मग हवी कशाला निवडणूक, अशी कुजबुज. महापालिकेत तरी तेव्हा कोण होतं? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून तिथेही प्रशासकच बसले होते. शाळा बदलली असती, धडा तोच.

दर २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ, रांगोळी, प्रभातफेरी मात्र हवीच. २०१५ ला पाचवीत असलेली मुलगी आज पदवीधर होण्याच्या वयाची आहे. लोकसभेला तिचं मत चालतं. म्हणजे पंतप्रधान ठरवण्याइतकी ती शहाणी, फक्त गल्लीतल्या दिव्याचं तिला काही कळत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती, वर्गात चिठ्ठ्या टाकून मॉनिटर निवडू नका. पोरांना नसत्या सवयी लागतात. मॉनिटर बाईंनीच नेमावा आणि दर सहा महिन्यांनी त्याला मुदतवाढ द्यावी.

आणि एखादा आगाऊ विद्यार्थी ऐकेचना, तर त्याला पत्रलेखनाला बसवा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला वयाची अट नाही. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न एकच विचारायचा: बोर्डाची निवडणूक कधी?