डिस्क माहेरी येतेय, तिला छळू नका

स्टुटगार्ट,
रविवार

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत. आजारी आहे ती फक्त काळी हार्ड डिस्क. तीच, जिच्यात दादाची मुंज आहे, ठाण्याच्या मामांकडची सगळी लग्नं आहेत, आपल्या डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या दिवाळी पहाटा आहेत, २६ जुलै २००५ ला कल्याणच्या घरात पाणी शिरलं तेव्हाचे काकांनी माळ्यावर बसून काढलेले फोटो आहेत आणि आजोबांच्या आवाजातली रामरक्षा आहे. आता लावली की टक् टक् टक् करते, सुस्कारा टाकते आणि गप्प होते. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात उभे राहतात. त्यामुळे या दुखण्याची पहिली चौकशी खालच्या मजल्यावरच्या आजींनी केली.

इथल्या एका दुकानात दाखवली. त्यांनी अतिशय अदबीने एक आकडा सांगितला. ह्यांनी तो मनातल्या मनात रुपयांत करून पाहिला आणि मग प्यायला पाणी मागितलं. तेव्हा ठरलं, डिस्कला माहेरी पाठवायचं. मावशी परत निघाली आहे, तिच्या हँडबॅगेत येईल. येताना लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळलेले टॉवेलच वापरलेत, त्यामुळे थोडा मोहरीचा वास येईल. तो बिघाड समजू नये.

आता फॅमिली ग्रुपवरच्या वैद्यमंडळींविषयी. काका म्हणतात, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंड डिस्क आपल्या दमट हवेत बाहेर काढली की तिला घाम फुटतो, आत तबकडीवरसुद्धा. शिवाय आईच्या फ्रीजरमध्ये मटार आणि ओलं खोबरं सोडून तिसऱ्याला जागा मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मामी म्हणतात, तांदळात पुरा. अहो, ती भिजलेलीच नाही! कल्याणच्या वहिनीने दृष्ट काढायला सांगितलंय. आलेल्या सगळ्या उपायांत हा एकच निर्धोक आहे. फक्त मीठमोहऱ्या लांबूनच ओवाळाव्यात.

समोरच्या ब्लॉकमधला इंजिनीअरिंगचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार आहे असं कळलं. त्याला चहा द्या, पोहे द्या, डिस्क देऊ नका. आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगत असतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. धुळीचा एक कण शिरला तरी तबकडीवर ओरखडा, आणि ओरखडा गेला त्या जागेचा मजकूर ब्रह्मदेवालाही वाचता येत नाही. कारखान्यांच्या रसायनांनी २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता दाखवलेल्या डोंबिवलीत, बाल्कनीत बसून डिस्क उघडायची म्हणजे कमालच आहे.

ती टक्‌टक् बहुधा हेडचीच आहे. त्याला आपली जागा सापडत नाही, ते मागे जातं, पुन्हा येतं. म्हणून 'एकदा लावून बघूया' हे आपलं राष्ट्रीय ब्रीद या वेळी गुंडाळून ठेवा. डिस्क बंद असली की हेड तबकडीपासून बाजूला विसावलेलं असतं, जोखीम असते ती वीज दिल्यावर.

बाबा, पुढची कामगिरी तुमची. डिस्क घेऊन लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात जायचं. दुपारच्या जलद गाडीने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. सकाळच्या गाडीने मुळीच नाही, ठाणं येईपर्यंत माणसाच्या बरगड्याही जागेवर राहत नाहीत. पिशवी मांडीवर ठेवा, रॅकवर नको. दुकानदाराला आधी तीन गोष्टी विचारा. डिस्क उघडायची वेळ आली तर धूळमुक्त खोलीत उघडणार का? हेड बदलायला त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळेल का? आणि काही मिळालं नाही तर पैसे किती? हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड, नुसती बदलून देतो म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. त्या पट्टीवरच्या एका चिपमध्ये बहुतेक वेळा त्याच डिस्कची खासगी मोजमापं असतात, ती नव्या पट्टीवर न्यावी लागतात.

चांगला कारागीर फाइली शोधत बसत नाही. तो आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि मग त्या नकलेवर काम करतो. नक्कल करतानाही जे सहज वाचता येतं ते आधी, हट्टी भाग शेवटी. बोर्डाच्या पेपरला बाबा आम्हाला हेच सांगायचे: येतं ते आधी सोडव, अडलेल्यापाशी रेंगाळू नकोस.

आई, तू धीर सोडू नकोस. कल्पना चावला ज्यात होती त्या कोलंबिया यानाचे १ फेब्रुवारी २००३ ला आकाशात तुकडे झाले. त्यातली एक डिस्क जळून, वितळून एका कोरड्या तलावाच्या तळाशी सापडली, आणि तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के मजकूर तज्ज्ञांनी वाचला. आपली तर फक्त टेबलावरून कॅरम बोर्डावर पडली आहे. (कोणी पाडली याचा तपास चालू आहे. चिरंजीव सध्या फार गुणी वागताहेत.)

तरी सगळी भिस्त दुकानदारावर ठेवू नये. १९९८ साली 'टॉय स्टोरी २'च्या फाइली कुणाच्या तरी एका आदेशाने पुसल्या गेल्या आणि बॅकअपही नीट चालत नव्हता. चित्रपट वाचला तो एका बाईंमुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. आपल्याकडे तर अशा प्रती घरोघरी असणार! लग्नाची सीडी आत्याने 'बघून देते' म्हणून नेली, ती अजून बघतेय. पुराचे फोटो काकांच्या जुन्या फोनमध्ये असतील. रामरक्षा नक्की मामांकडे आहे, त्यांच्या गणपतीत लावतात. वस्तू परत न करण्याच्या आपल्या घराण्याच्या गुणाला एरवी मी नावं ठेवते. या वेळी आशा आहे ती त्याच्यावरच.

तेव्हा सर्वांना विनंती: कपाटातल्या सीडी, पेन ड्राइव्ह, जुने फोन या आठवड्यात बाबांकडे जमा करा. बाबा, सगळ्याच्या दोन प्रती काढा. एक घरी ठेवा, दुसरी ठाण्याला मामांकडे द्या. आणि लॅमिंग्टन रोडला जाईपर्यंत डिस्कची वायर आईच्या कपाटात कुलपात ठेवा, किल्ली काकांना देऊ नका.

तुमची,
चिमी