गाडी बंद करण्याच्या तऱ्हा

रस्त्याने येताना सगळ्या मोटारसायकली सारख्याच दिसतात. पुढे पिशवी, मागे माणूस, जमलंच तर मध्ये एक पोरगं. वेगळेपणा दिसतो तो गाडी थांबते तेव्हा. देऊळगाव राजात बसस्थानकाच्या आसपास चहाला अर्धा तास टेका. जालन्याकडून येणारे, चिखलीकडे जाणारे, सिंदखेड राजाचे, देऊळगाव महीचे, बी-बियाण्याच्या कामाने निघालेले, सोयरिकीला निघालेले, सगळे तिथे थांबतात. कोण कशी गाडी बंद करतो एवढंच बघा. चहा संपेपर्यंत निम्म्या तालुक्याचा स्वभाव कळतो.

पहिला मान मामांचा. मामा म्हणजे राजदूतवर हात बसलेला माणूस. राजदूत केव्हाच भंगारात गेली, आता बुडाखाली स्प्लेंडर आहे, पण मनगट जुनंच. थांबल्यावर ते एकदा सणसणीत अ‍ॅक्सिलरेटर पिळतात, घर्रर्र, आणि त्या आवाजातच चावी फिरवतात. का, तर ‘सकाळी एका किकमध्ये उठते’. पेट्रोलमध्येच ऑइल कालवायच्या टू-स्ट्रोकच्या काळात ही समजूत घरोघर होती. शेवटचा घोट पोटात राहिला की गाडी सकाळी कुरकुर करत नाही म्हणे. गॅरेजवाला मिस्त्री वेगळंच सांगतो. ठिणगी तुटल्यावर आत ओढलेलं पेट्रोल जळत नाही, उलट सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. तिथे चावी फिरली की पेट्रोलच तुटतं, घोट राहायचा प्रश्नच नाही. म्हणजे मामांची घर्रर्र इंजिनाच्या काही कामाची नाही. तिचा उपयोग घरात होतो. मामी ती ऐकून चहाचं आधण ठेवतात.

दुसरे कॉकवाले. घर दोन वळणांवर आलं की हे गुडघ्याजवळ हात घालून पेट्रोलचा कॉक बंद करतात. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत येते आणि उंबऱ्याशी आपोआप शांत होते. अंदाज इतका पक्का की ओसरीच्या पायरीला चाक टेकतं आणि इंजिन थांबतं. यात दुहेरी फायदा. रात्री थेंब गळत नाही आणि चोराने किक मारलीच तर ती उठत नाही. अडचण एकच, सकाळी मालकालाही ती दाद देत नाही. मग किकवर किक. दोघं-चौघं जमतात. कोणी प्लग काढायला सांगतो, कोणी गाडी आडवी करायला सांगतो. मालक घाम पुसायच्या निमित्ताने खाली वाकतो, गुपचूप कॉक उघडतो आणि ‘कचरा आला असंन’ म्हणून निघून जातो. इंजेक्शनच्या गाड्यांना कॉक नाही. तरी वळण आलं की यांचा हात गुडघ्याशी जाऊन येतोच.

जुन्या बुलेटवाल्याचा थाट निराळा. त्याच्याकडे चावीशिवाय डीकॉम्प्रेशनचा लिव्हर असे. तो ओढला की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, दाब निघून जातो आणि एवढं मोठं धूड फुस्स करून गप्प बसतं. गावच्या पाटलाने वाद मिटवल्यासारखं.

मग आले हिशेबी. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि एका लिटरमध्ये गाडी किती पळते हा घराघरात अभिमानाचा विषय झाला. तेव्हापासून उतार लागला की न्यूट्रल आणि चावी बंद. गाडी वाऱ्यावर सुटते, स्वाराच्या चेहऱ्यावर सरकारकडून कर परत मिळाल्याचं समाधान. वाचतं चमचाभर पेट्रोल. इंजिनाचा अडसर मात्र सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गंमत अशी की इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर उताराला पेट्रोल स्वतःच तोडतात. काही न करता होणारी बचत हिशेबी माणसाला पटत नाही, एवढंच.

नव्या पोरांना चावीला हात लावणं जुनाट वाटतं. अंगठ्याने लाल बटण दाबायचं, नाहीतर गाडी गिअरमध्ये असतानाच टाचेने साइड स्टँड पाडायचा. नव्या गाड्या स्टँड पडला की आपण होऊन बंद होतात. पोरगा केस सारखे करत टपरीत शिरतो. बाहेर चावी तशीच, मीटर उजळलेलं, बॅटरी हळूहळू बसत चाललेली. तासाभराने ‘सेल लागंना’ म्हणून तोच पोरगा चहावाल्याला मागून ढकलायला बोलावतो.

आणि शेवटी, गाडी बंदच न करणारे.

‘काय भाऊ, चहा?’

‘नाही नाही, निघूच राहिलो.’

एक पाय जमिनीवर, इंजिन चालू. कपाशीचा भाव होतो, भाचीचं स्थळ होतं, खडकपूर्णा धरणात पाणी किती ते होतं. गाडी धडधडत असते आणि भाऊ आवाज चढवून ‘निघूच’ राहिलेले असतात. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजाजवळून गेला, पण दुचाकीला तिथे मज्जाव आहे. भाऊंना त्याचं दुःख नाही. ओळखीचा माणूस भेटणार नाही असा रस्ता त्यांच्या कामाचा नाही.

बालाजी मंदिराच्या रस्त्याला मात्र सगळ्या तऱ्हा एक होतात. नमस्काराला उजवा हात लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटरही उजव्याच हातात, त्यामुळे इथे भरधाव पोरगाही हळू होतो. दसऱ्यानंतरच्या यात्रेत तर गाडी बंद करून हातानेच लोटावी लागते, मग ती राजदूत असो की बुलेट.

ज्याची सवय त्याला लखलाभ. रोजची रीत साधी आहे: न्यूट्रल करा, चावी फिरवा, काढून खिशात टाका. लाल बटण पडझडीच्या वेळेसाठी आहे. गाडी आडवी झाली किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकली, तर चावी शोधायला वेळ नसतो, अंगठा मात्र तिथेच असतो. घरातल्या पोराच्या हातात गाडी देताना ती चालू कशी करायची हे सांगू नका, ते त्याला तुमच्याआधी आलेलं असतं. ते बटण मात्र एकदा दाखवा आणि त्याच्याकडून दाबून घ्या.