साडेबारा ग्रॅम

आमच्या जासईत पोर उशिरा चालू लागलं तर लोक समजून घेतात. उशिरा बोलू लागलं तर म्हणतात, बापावर गेलंय. पण पोर मटण खात नाही असं कळलं की ओटीवर माणसं जमायला लागतात.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा आमचा नातू पावणेदोन वर्षांचा होता. नाव हितांश. हे नाव त्याच्या आईबापांनी मोबाइलमध्ये शोधलं, आम्ही त्याला बाला म्हणतो आणि तोही बालालाच ओ देतो. तर हा बाला मटण थुंकतो. चिकन थुंकतो. गावठी कोंबडी तर नुसती वासावरून ओळखतो आणि तोंड असं गच्च मिटतो की माझ्या मुलाने एकदा चमचा आणि माझ्या बायकोने एकदा बोट घालून पाहिलं, दोन्ही बाहेर राहिले.

निदान करणाऱ्यांची कमतरता नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. चुलत्यांचा संशय वेगळा. "तुमच्या घरान कोन मालकरी होता का?" होता. माझे आजोबाच माळकरी होते. पण त्यांनी माळ घातली ती उतारवयात, खाजणातल्या चिंबोऱ्या आणि निवट्या यांची पुरेशी वासलात लावून झाल्यावर. बालाने हा मधला टप्पा गाळून एकदम पंढरीची वाट धरली, यावर चुलते अजून ठाम आहेत. बंदरात माझ्याबरोबर काम केलेल्या एका मित्राने पावडरचा डबा सुचवला. त्याचा मुलगा तो डबा खाऊन दंड फुगवतो. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, हा तपशील त्याला गौण वाटला.

खरी अब्रू गेली ती हळदीत. आगऱ्यांची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण माणसं आदल्या रात्रीच येतात, आणि येतात ती मटणाच्या टोपाकडे पाहत. मेच्या उकाड्यात डीजे, तांदळाची भाकरी, तिखट रस्सा आणि पंगतीमागून पंगत. अशा पंगतीत बालाला मांडीवर घेऊन त्याच्या मामाने नळी चोखायला दिली. बालाने चोखली. टाळ्या पडल्या. मामाने उत्साहाने एक मऊ तुकडा भरवला, तोही तोंडात गेला. मोबाइल निघाले, फोटो झाले. पाच-सहा गाणी वाजली, नवरी नाचली, नवरीचा बाप नाचला, आणि मग बालाने तो तुकडा गालाच्या कोपऱ्यातून आहे तसा बाहेर काढून करवलीच्या मोत्यांच्या पर्समध्ये ठेवला. फेकला नाही. ठेवला.

उरणच्या बाळांच्या डॉक्टरांकडे सूनबाई ही तक्रार घेऊन गेल्या तेव्हा मीही सोबत होतो. डॉक्टरांनी बालाचं तोंड उघडलं आणि मला आत बघायला सांगितलं. पुढच्या दाढा आल्या होत्या, मागच्या नव्हत्या. दुधाच्या पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, मागच्या २३ ते ३३ महिन्यांत. मटणाचा धागा तुटतो तो दळला गेल्यावर, आणि दळणारी अर्धी यंत्रणा अजून यायची आहे. पोर चघळतं, रस्सा गिळतं, उरलेल्या चोथ्याचं काय करायचं ते न कळून गालात ठेवतं. म्हणजे बाला वारकरी नव्हता. त्याची फक्त दाढ यायची होती. (चुलत्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, दाढ आल्यावर बोलू.)

शिवाय या वयात पोरं नव्या चवीला बिचकतातच. दोन वर्षांच्या आगेमागे ही खोड ऐन भरात असते, आणि एखादी चव पटायला तीच वस्तू आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. भूकही मंदावते. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. आपण मात्र पहिल्या वर्षाच्या हिशेबाने ताट वाढत राहतो आणि पोर खात नाही म्हणून ऊर बडवतो.

"पण डॉक्टर, प्रोटीन?" सूनबाईंनी विचारलं. त्यांच्या फोनमध्ये एक ॲप आहे. त्यात बालाने काय खाल्लं ते लिहायचं आणि मग एक गोल भरत जातो. बालाचा गोल आठवडाभर चंद्रकोरीवर अडला होता.

डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा जीवाला दिवसाला लागतं किती? बारा-साडेबारा ग्रॅमच्या आसपास."

साडेबारा! जासईच्या माणसासमोर हा आकडा काढू नये. हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव. नव्या मुंबईसाठी जमिनी जात होत्या तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये इथला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व पुढे आलं. तेव्हापासून आमच्याकडे साडेबारा म्हटलं की माणूस खुर्ची पुढे ओढतो. हा आकडा दिसायला लहान, पण त्यावर भावाभावांचे वाटे पडतात, बहिणींच्या सह्या लागतात आणि जेवणं थंड होतात. आता त्याच आकड्यावर आमच्या स्वयंपाकघरातही बैठक बसली.

मी वही घेतली. आयुष्यभर बंदरातल्या कंटेनरांच्या नोंदी ठेवल्या, त्यामुळे ग्रॅमची भीती नव्हती. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन. दोनशे मिलिलिटर दुधात ६ ते ७. बेरीज केली. बालाने सकाळी अंडं खाल्लं आणि दूध प्यायला तर नऊच्या सुमारास त्याचा दिवसाचा कोटा पुरा होतो. त्यानंतर तो जे खातो तो ओव्हरटाइम.

हा शोध मी मोठ्या आवाजात जाहीर केला. सूनबाईंचा चेहरा उजळला. बायको भाकरी थापत होती, ती मागे न वळता म्हणाली, "म्हंजे दुपारी काय त्याला उपाशी ठेवाचा?"

हा प्रश्न साधा नाही. याच प्रश्नावर एकेकाळी जगातले मोठमोठे लोक भांडले आहेत, आणि बायकोच्या बाजूने उभा राहिलेला माणूस मराठी होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, रोमला, ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. तो काळ प्रोटीनच्या धास्तीचा होता. १९३० च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, पोट आणि पाय सुजलेली मुलं पाहून क्वाशिओरकोर या आजाराची नोंद केली होती. पुढे जगभर असं ठरत गेलं की गरीब देशांत अडचण आहे ती प्रोटीनची. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागारांनी येऊ घातलेल्या प्रोटीनसंकटावर अहवालच काढला. अमेरिकेत माशाचं पीठ तयार करण्याचे प्रयोग चालले होते. प्रोटीन भरपूर आणि वास मुळीच नाही, अशी त्याची ख्याती. वास काढलेला मासा! हे मी घरात वाचून दाखवलं तेव्हा बायकोने कानाला हात लावले. ते पीठ पुढे चाललं नाही, याचं आमच्या उरण तालुक्यात कुणालाही नवल वाटणार नाही.

सुखात्मे आकडे मांडून सांगत होते की भारतातल्या मुलांचं मुख्य दुखणं निराळ्या प्रोटीनचं नाही, एकूण जेवणच कमी पडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचाही अनुभव तोच होता: भात-डाळीचं रोजचं जेवण पोटभर मिळालं तर प्रोटीन बहुतेक त्यातच येतं. पोटभर नसेल तर शरीर तेच प्रोटीन इंधन म्हणून वापरतं. चुलीला लाकूड नसलं की घरातला पाट जाळावा, तसं. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ डोनल्ड मॅक्लॅरन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रकाराला प्रोटीनचा महाघोळ अशा अर्थाचं नाव देऊन लेख लिहिला. सुखात्मे यांच्या बाकीच्या हिशेबांवर, विशेषतः माणसाला किती कॅलरी पुरतात यावर, पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी पुढे कडक टीका केली. तो वाद आमच्या साडेबारा टक्क्यांइतकाच लांबला. पण 'दुपारी काय उपाशी ठेवाचा' या मुद्द्यावर सुखात्मे आणि माझी बायको एकाच बाजूला आहेत. ती अर्थातच म्हणाली, यात शोध काय लावला त्यांनी?

डॉक्टरांनी काळजी करायला एक गोष्ट मात्र दिली, लोहाची. मटण न खाणाऱ्या पोराला प्रोटीन कुठूनही मिळतं, लोह तितक्या सहज मिळत नाही. त्यात आपण जेवण गेलं की भरपाई म्हणून बाटलीभर दूध पाजतो. दुधात लोह जवळजवळ नाही. ते पोट भरतं, भूक मारतं आणि उरलेल्या अन्नातल्या लोहाच्याही आड येतं. म्हणजे 'जेवला नाय तर नाय, दूध तरी प्याला' हे आमच्या घरातलं समाधानाचं वाक्य बाद झालं. दूध दोन कपांवर आलं. पावडरचे डबे तर डॉक्टरांनी हातही न लावता परत दिले; त्यातल्या काहींच्या पाठीवर बारीक अक्षरात साखर किती आहे ते चष्मा लावून वाचा, म्हणाले. मी वाचलं आणि माझ्याच डायबेटिसच्या गोळीची वेळ झाली.

मग घरात जे होतं त्याच्याकडे आमचं लक्ष गेलं. अंड्यापासून सुरुवात झाली. बाला पांढरं खातो, पिवळं माझ्याकडे ढकलतो. अंड्यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन पांढऱ्यातच असतं, तेव्हा सूनबाई खूश, आणि मी तर त्याहून खूश, कारण पिवळ्यावर माझ्या डॉक्टरांनी बंदी घातली होती आणि नातवाचं उष्टं टाकू नये असा आमच्याकडे रिवाज आहे. पण लोह पिवळ्यात, हे कळल्यावर बायकोने पिवळं भातात कुस्करायला घेतलं. माझा रिवाज तिथेच संपला.

शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, एवढ्या लहान पोराच्या घशात अडकतात. कूट करून भाजीत. सुका जवळा धुऊन, पुन्हा धुऊन, खारटपणा घालवून, भाजून, पूड करून. सुकल्यामुळे त्यातलं पाणी गेलेलं असतं आणि वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रोटीनच उरतं. चमचाभर पूड वरणात टाकली की ग्रॅम-दीड ग्रॅम गपचूप आत. ओला बोंबील मात्र नाव मोठं करून बसलाय, त्यात बहुतेक पाणीच. तरी तो दाढेवाचून खाता येतो, म्हणून बालाचा लाडका. मटणाला नाक मुरडणारा हा वारकरी तव्यावरचा बोंबील मात्र काट्यासकट मागतो. काटा आम्ही काढतो.

सगळ्यांवर मात केली ती कडव्या वालांनी. थंडीत पोपटी लावली होती. पूर्वी कुठल्याही शेतात लागायची, आता कंटेनर यार्डांच्या कुंपणांमध्ये जी जागा उरलीय तिथे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मधोमध मसाला लावलेली कोंबडी, वरून जाळ. मडकं उघडल्यावर माणसं कोंबडीवर पडली. बाला पाल्यात हात घालून शेंगा सोलायला बसला आणि मऊ झालेला एकेक दाणा चिमटीने दाबून खात राहिला. वाल म्हणजे कडधान्य. कोरड्या वालात शंभराला चोवीसच्या आसपास प्रोटीन, आणि लोहही. त्या दिवसापासून घरात वालाचं बिरडं सुरू झालं. वर लिंबू पिळायचं, त्याने लोह अंगी लागतं. बाला वाटीभर बिरडं भाकरीच्या चतकोराबरोबर खातो आणि वाटी पालथी घालून दाखवतो. ॲपमध्ये 'बिरडं' हा पदार्थच नाही. सूनबाई ते 'इतर' या रकान्यात टाकतात आणि गोल भरतो.

परवा चुलते आले होते. मागची दाढ आली का म्हणून त्यांनी बालाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. एक आली होती. बालाने ती वापरून दाखवली.

बिरड्याचं एकच आहे. वाल आदल्या दिवशी भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाका आणि मग एकेक दाणा सोला. हे सोलण्याचं खातं घरात एकमताने माझ्याकडे आलंय, कारण मी निवृत्त आहे आणि मला ग्रॅमचा हिशेब येतो. तेव्हा जासईला बालाला बघायला येणाऱ्या सर्व पाहुण्यांना हात जोडून विनंती: पावडरचे डबे आणू नका, बिस्किटं आणू नका. कडवे वाल आणा. आणि आणाल ते सोललेले आणा.