मुरूड ते लंडन : अंतर आणि वेळ काढण्याची आगारमान्य पद्धत

विमानाचं अंतर नवशिक्याने मोबाइलवर बघावं. जाणकाराने ते टप्प्यांत काढावं. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा. मुंबई ते लंडन हवेतून साधारण 7,200 किलोमीटर, म्हणजे 1,200 टप्पे. आमचे आप्पा निवृत्त कंडक्टर. ताई पहिल्यांदा लंडनला गेली त्या रात्री त्यांनी हा भागाकार कालनिर्णयच्या पाठीवर केला, दोनदा तपासला आणि न जेवता झोपले.

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये, फसाल. पृथ्वीचा गोल घ्यावा, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबावं आणि दुसरं लंडनवर ताणून धरावं. जवळची वाट दोराच दाखवतो. नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा ती उत्तरेला फुगलेली असते. गोल नसेल तर शहाळं चालतं. आप्पांनी केलं, लंडन देठापाशी आलं. मग ते शहाळं फोडायलाही देईनात.

जाताना दहाएक तास, येताना नऊच्या आसपास. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोरकस वारा वाहतो. जाणाऱ्याच्या तो तोंडावर, येणाऱ्याच्या पाठीवर. आमच्या कोळीवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आप्पांना मात्र हा टाइमटेबलचा अपमान वाटतो.

लंडनमध्ये किती वाजले? काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरावं, बारा खाली, सहा वर. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे उलट्या तबकडीवर तिकडची वेळ अचूक वाचता येते. ही युक्ती हिवाळ्यापुरतीच. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे सरकवतात, ते ऑक्टोबरपर्यंत. आप्पा ही सुधारणा मानत नाहीत. त्यांच्या हिशेबाने लंडनमध्ये रात्रीचे दहा होतात तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात आणि दिवसभर राबलेली ताई दचकून उठून फोन घेते. "झोपले नव्हते हो," म्हणते.

इथवर सोपं होतं. आता मुरूड ते विमानतळ.

पाखराला मुरूडहून गेटवे 65 किलोमीटरच्या आसपास. माणसाला मुंबई दीडशे : काशीद, साळावचा पूल, अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल. पंचवीस टप्पे, वेळ पाच तास, अधिक वडखळ. वडखळसाठी सूत्र नाही. मांडव्याहून लाँच तासाभरात गेटवेला सोडते, पण ती पावसाळ्यात बंद आणि ताईच्या मुलांना सुट्टी नेमकी जुलै-ऑगस्टात. उलव्याला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, 2025च्या नाताळला नवा विमानतळ सुरू झाला. आप्पांनी पेढे वाटले. ताईचं विमान मात्र अजून सहारलाच उतरतं.

आणायला गाडी घेऊन मीच जातो. आदल्या दुपारीच घराबाहेर काढला जातो. विमान पहाटेचं असतं.

बाहेर आल्यावर ताई आधी घरी फोन लावते. "आप्पा, पोचले हो."

"कुठे पोचलीस? वडखळ सोडलंस की सांग."