खंजिरी, तर्रीपोहा आणि हॉकीचा सामना

कोराडीला माणसं गोळा करायची विद्या कोणाला शिकावी लागत नाही. नवरात्र आलं की जगदंबेच्या दर्शनाला रांगा आपोआप लागतात. म्हणून शेजारच्या पोरानं, ‘काका, आमची उपांत्यपूर्व फेरी आहे, थोडी माणसं घेऊन या ना,’ असं म्हटलं, तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवता ‘बस भरून आणतो’ म्हणून मोकळा झालो. पोरगं कॉलेजच्या हॉकी संघात बचाव फळीत खेळतं. मागच्या सामन्याला प्रेक्षकांत एका खेळाडूचे मामा आणि एक कुत्रा होता. कुत्रा पहिल्या क्वार्टरनंतर निघून गेला.

जामठ्याला क्रिकेट असलं की आमची हीच कॉलनी एका पाससाठी दूरदूरच्या ओळखी काढते, पण हॉकी म्हटल्याबरोबर ज्याला त्याला दळण आठवायला लागलं. मी टोकियोचं पदक काढलं, 2021 मध्ये जर्मनीला 5-4 हरवून 41 वर्षांनी मिळालेलं. मग 2024 मधलं पॅरिसचं काढलं. मग खडकीतून निघून चार ऑलिम्पिक खेळलेला धनराज पिल्ले काढला. पानठेल्यावरचे एक भाऊ खर्रा घोटत सगळं शांतपणे ऐकत होते. म्हणाले, ‘ते सारं खरं हाय बावा, पण तेथं खायले काय भेटन?’

माझ्या तोंडून ‘तर्रीपोहा’ निघून गेला.

घरी ही बातमी माझ्याआधी पोचली होती. ‘पोहे भिजवणार कोण, चण्याची तर्री करणार कोण, आणि एवढं मोठं पातेलं आणणार कुठून?’ या तीन प्रश्नांना मी मिळून एक उत्तर दिलं, की हा खेळाला उत्तेजन देण्याचा प्रश्न आहे. त्यानंतर घरात जे उत्तेजन मला मिळालं ते सांगत नाही.

पोह्यांच्या जोरावर निम्मी बस भरली. उरलेल्या जागा महिला भजन मंडळानं घेतल्या, टाळ आणि खंजिऱ्यांसकट. स्पर्धा ज्या विद्यापीठाची, त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव; खंजिरी तर महाराजांची ओळखच. हरकत घेणार कोण? वाटेत मी उभा राहून सगळ्यांना खेळ समजावून सांगितला. अकरा खेळाडू, पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, इथवर ठीक चाललं होतं. मग मी ऑफसाइडवर आलो आणि चांगलाच रंगलो. गोधनी गेल्यावर मागच्या सीटवरची आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘आजोबा, हॉकीत ऑफसाइड 1998 पासूनच नाही.’ मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

मैदानावर पोचल्यावर आमच्या मंडळींना दोन्ही संघ सारखेच दिसत होते, एक निळा आणि एक जरा जास्त निळा. तेव्हा मी सोपी युक्ती सांगितली: उजव्या हाताच्या जाळीत चेंडू गेला की आपला गोल, खंजिरी वाजवायची. पहिला अर्धा भाग असा काही दणाणला की शेजारच्या रस्त्यावरचे लोक गाडी थांबवून आत डोकावले. आपल्या पोरांनी पेनल्टी कॉर्नर दिला, तेव्हा बचावाला उभी राहिलेली पोरं तोंडाला मुखवटे बांधू लागली, आणि एक मावशी घाबरून म्हणाल्या, ‘अगंबाई, करोना परत आला का?’ मी म्हटलं, नाही, तो चेंडू तोंडावर लागला तर दात जातात. तर त्या म्हणाल्या, ‘मग याच्या आईनं येऊ कसं दिलं?’ याला नियमपुस्तकात उत्तर नाही.

घात मध्यंतरानंतर झाला. हॉकीत मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, हे मला माहीत होतं. मंडळाला सांगायचं राहिलं होतं. उजव्या जाळीत चेंडू गेला, खंजिऱ्या कडाडल्या, एका आजींनी तर उभं राहून जयजयकार केला, आणि आमच्या गोलकीपरनं, जो नुकताच गोल खाऊन उठत होता, आमच्याकडे असं काही पाहिलं की मी पोह्याच्या पातेल्यामागे खाली बसलो. क्वार्टर संपल्यावर समोरच्या संघाचे प्रशिक्षक मुद्दाम चालत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘सर, एवढा पाठिंबा आमच्या पोरांना आजवर कधी मिळाला नाही.’

त्यांना पोहे दिले.

सामना बरोबरीत सुटला आणि शूटआउटवर गेला. प्रत्येकाला आठ सेकंद, समोर एकटा गोलकीपर. तोवर मंडळानं माझ्यावर विसंबणं सोडून दिलं होतं. गोल झाला तरी वाजव, अडवला तरी वाजव. आमची पोरं जिंकली. पोरगं बसमध्ये म्हणालं, ‘काका, गर्दी असली की पाय आपोआप पळतात, मग ती कोणाची का असेना.’ ते माझं सांत्वन होतं की तक्रार, हे मी विचारलं नाही.

आता पुढच्या शनिवारी उपांत्य सामना आहे. तिकीट नाही, ओळख लागत नाही, तासाभराचा खेळ आणि बसायला हवी तेवढी जागा. या. उन्हाची टोपी आणा, पाण्याची बाटली आणा, नियम त्या आठवीतल्या मुलीला विचारा. पोहे मात्र घरून खाऊन या. आमच्याकडे त्या विषयावर सध्या बोलणी बंद आहेत.