तटस्थतेचा जमाखर्च

युद्धकाळातील तटस्थतेवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की तटस्थ राष्ट्र कोणाचीच बाजू घेत नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धातील पोर्तुगालचे वर्तन पाहिले असता हा आक्षेप अन्यायाचा ठरतो, कारण त्या राष्ट्राने दोन्ही बाजू घेतल्या आणि दोहोंकडून मोबदलाही वसूल केला. 1907 च्या हेग करारांनी, म्हणजे युद्धातील वर्तनाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांनी, लढणाऱ्या फौजांना तटस्थ भूमीवरून जाण्यास मनाई केली; मात्र त्याच भूमीतून दारूगोळ्याची निर्यात होत असेल, तर ती रोखण्याची सक्ती तटस्थ देशावर केली नाही. सैनिकाने सीमा ओलांडणे हे पाप आणि पेटीने ओलांडणे हा व्यापार, हा विवेक पंडितांनाच सुचू शकतो.

पोर्तुगालची पेटी वुल्फ्रॅमची होती. वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचे खनिज. रणगाड्याचे चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांसाठी आणि कठीण पोलाद कापणाऱ्या हत्यारांसाठी ते लागे. पानाश्केइराची मोठी खाण ब्रिटिश कंपनीची, इतर काही खाणी जर्मनांच्या हाती, आणि या सर्वांवर अर्थशास्त्राचे माजी प्राध्यापक असलेले हुकूमशहा सालाझार यांची सारखीच कृपादृष्टी. 1943 मध्ये, युद्धाचे पारडे फिरल्यावर, त्यांनी इंग्लंडशी 1373 मध्ये झालेल्या मैत्रीचा आधार घेऊन अझोर्स बेटांवर ब्रिटिशांना तळ दिला. मैत्री आठवायला 570 वर्षे लागली, हा भाग वेगळा. जर्मनीला जाणारे वुल्फ्रॅम बंद झाले ते जून 1944 मध्ये, म्हणजे मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या त्याच महिन्यात.

मगरीला पुरेसे खाऊ घातले की ती आपल्याला सर्वांत शेवटी गिळेल, अशी प्रत्येक तटस्थ देशाची आशा असते, अशा आशयाची टीका चर्चिल यांनी जानेवारी 1940 मधील रेडिओ भाषणात केली होती. नियम मात्र त्यांच्या पक्षालाही अडचणीचेच वाटले. पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरात आश्रयाला थांबलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना गुप्त बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. म्हणून मार्च 1943 मध्ये ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या स्वयंसेवी पथकातील मध्यमवयीन गोऱ्या गृहस्थांनी रात्री त्या तटस्थ बंदरात शिरून हल्ला केला, आणि खलाशांनी जहाज स्वतःच बुडवले. ब्रिटिशांनी या पराक्रमाची पुढे अनेक वर्षे वाच्यता केली नाही. ज्यांच्या बंदरात हे घडले त्या गोमंतकीयांना तटस्थ राहावे की नाही, हे लिस्बनने विचारलेच नव्हते. वसाहतीला मत असते, असे हेगच्या पंडितांनीही कोठे लिहिलेले नाही.

मे 1945 मध्ये हिटलरच्या मृत्यूनिमित्त पोर्तुगालच्या सरकारी इमारतींवरील ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले, आणि 1949 मध्ये ‘नाटो’ या लष्करी युतीच्या 12 संस्थापक देशांपैकी एक म्हणून पोर्तुगालने करारावर स्वाक्षरी केली.